पशुगणना, मुंढवा

गेटवर वॉचमन विचारतो, कुणाकडे?
मी म्हणते, म्हशींकडे.
तो हसतो. सिवानचा आहे, गावी त्याच्या दोन आहेत,
त्या मी मोजायच्या नाहीत.

मागच्या खेपेला इथे जानुबसांचा गोठा होता.
एकोणचाळीस म्हशी, तीन रेडे,
आणि एक पारडू, जे मोजून झालं की
मागच्या बाजूने येऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं.
आता पार्किंग आहे. पी-वन, पी-टू.
लिफ्टपाशी शेणाचा वास अजून येतो,
किंवा मलाच येतो.

टॅबवर शून्य टाकलं की अ‍ॅप पुढे सरकत नाही.
"कृपया संख्या तपासा."
तपासली.

नदीकडेच्या वस्तीत नागव्वा धोत्रे.
बावीस गाढवं होती तिची, वाळूला, विटांना.
पोराने हप्त्यावर जेसीबी घेतला
आणि डाऊन पेमेंटला एकवीस गेली.
"एक म्हातारं हाय, लिवा.
कामाला न्हाई. सोबतीला."
सोबतीचा रकाना नाही.

बगळे मात्र तेच आहेत.
म्हशीमागून चालायचे, खुराने उडालेले किडे टिपत;
आता जेसीबीमागून चालतात
तितक्याच अदबीने, मान मागे-पुढे करत.
त्यांच्या लेखी म्हैस पिवळी झाली असेल,
आणि हंबरते जरा कर्कश.

चौदाव्या मजल्यावरच्या बाई मांजर पुढे करतात.
याचं नाव कॅपुचिनो, याचं घ्या ना.
मांजरं फॉर्मात नाहीत, मॅडम.
कबुतरं तर नाहीतच. त्यांनी आपली गणना
एसीच्या मागे स्वतःच चालवलीय,
वर्षभर, विनामानधन.

गिधाडंही आमच्या खात्याकडे कधी नव्हती.
एक्क्याण्णवला नोकरीला लागले, तेव्हा
हद्दीबाहेर ढोरं टाकायच्या माळावर
ती पंचांसारखी बसलेली असायची, खांदे वर काढून.
अख्खी म्हैस तासाभरात निकाली. हाडं पांढरीशुभ्र, वाद नाही.
मोजायचं कुणाला सुचलंच नाही. कावळे मोजतो का आपण?

मग माझ्या बॅगेत एक औषध आलं.
स्वस्त, आणि गुण तर असा की
जानुबसांची चंद्री, आठ दिवस न उठलेली,
दुसऱ्या सकाळी दावणीला उभी.
मला खरवस मिळाला, डबा भरून.
पुढे त्याच औषधावर बंदी आली, कारणासकट:
मेलेल्या ढोराच्या अंगात ते उरतं,
आणि वरून उतरणाऱ्यांची मूत्रपिंडं बसतात.
किती बाटल्या टोचल्या, ते रजिस्टरला आहे. सही माझीच.
किती गिधाडं, ते कुठेच नाही.

माळावर कुत्री आली. मग कुत्रा चावलेली पोरं
दवाखान्यात येऊ लागली, माणसांच्या.
मग तो माळही गेला. टू बीएचके, क्लब हाऊस,
आणि त्यात राहायला आम्हीच, औशाहून, सिवानहून.
माझ्या गावच्या शाळेत आता अकरा पोरं आहेत,
दोन मास्तर.

जानुबसांना जागेच्या बदल्यात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालंय.
पहाटे साडेतीनला अजून उठतात.
मग काय करता?
बसतो.
बाल्कनीला जाळी आहे. तिचा खालचा कोपरा
विळ्याने कापलेला, सफाईने, कुणाला दिसू नये असा.
तुळस वाळलेल्या कुंडीत चार काड्या, दोन अंडी,
आणि वर पारवी बसलेली, आमच्याकडे एका डोळ्याने बघत.
पुढ्यात वाटी. वाटीत भिजवलेली सरकी पेंड.
"हे खात नाही ती," ते म्हणतात,
"पण दुसरं काय घालायचं, मला ठाऊक नाही.
आणि हे लिहू नका, सोसायटीवाले येतील."

रकाना नाही, मी म्हणते,
आणि तांदूळ घाला, बाबा. कच्चेच.